बहिणीचा मुलगा

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. बाकीचे प्रोग्राम लिहितात आणि तो कुठे गडगडतो ते मी बघते. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो, असं माझा नवरा म्हणतो आणि त्यात तथ्य आहे. हॉटेलात गेलं तरी मी आधी मेन्यूकार्डातल्या चुका वाचते. म्हणूनच एका इंग्रज म्हाताऱ्याच्या सतराव्या शतकातल्या पूर्वजाची वंशावळ मी चुकवली, आणि तीही सगळे कागद नीट वाचून चुकवली, हे लिहिताना मला अजून लाज वाटते. चूक डोळ्यांची नव्हती, मनाची होती. ती मी पुण्याहून बरोबर घेऊन आले होते.

आम्ही जपानमध्ये, टोकियोजवळ ग्योतोकुला राहतो. नवऱ्याच्या कंपनीने थोड्या काळासाठी म्हणून पाठवलं, मग मुदत वाढत गेली, भाड्याचं घर बदललं, सायकली बदलल्या, कुठल्या वारी कुठला कचरा कुठल्या पिशवीत टाकायचा हे पाठ झालं. आमची मुलगी इथेच बालवाडीत गेली. आता तेरा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र कामापुरतं. भांडायचं असलं की जपानीत भांडते, कारण तिथे मी हरते हे तिला ठाऊक आहे.

ती अगदी तान्ही असताना पुण्यातल्या एका संस्थेतून आमच्या घरी आली. कळायला लागल्यापासून तिला हे माहीत आहे. आम्ही तिच्यापासून काही लपवलं नाही, असं मी ओळखीच्या प्रत्येकीला सांगत असे आणि सांगताना माझी मान जरा ताठ होत असे. तू कुठून आलीस हे आम्ही तिला सांगितलं होतं. कुणाच्या पोटी आलीस, हे मात्र मी कधी शोधलं नव्हतं, आणि तिनेही ते विचारू नये अशी माझी मनातून फार इच्छा होती. तिने विचारलं तर ती माझी राहणार नाही, ही भीती माझ्या पोटात कायमची बसलेली होती. शहाण्या बायकांना असली भीती वाटत नसावी. मला वाटत होती.

तिच्या शाळेतलं इंग्रजी व्याकरणापुरतं, म्हणून दर शनिवारी ती इचिकावाला एका निवृत्त इंग्रज शिक्षकांकडे वाचायला जाते. ते आयुष्यभर इथल्या एका कॉलेजात शिकवत होते. बायको जपानी, मूलबाळ नाही. ती त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणते म्हणून मीही सेन्सेई म्हणते, आणि त्यांच्या बायकोला इथल्या रिवाजाप्रमाणे ओकुसान. सुरुवातीला मी मुलीला त्यांच्या दारात सोडून स्टेशनजवळ कॉफी पीत बसत असे. एकदा ओकुसाननी मला आत बोलावलंच, आणि आतल्या टेबलावर मला ते कागद दिसले.

जुन्या हस्तलिखितांच्या फोटोंच्या छापील प्रती होत्या. सेन्सेईंच्या नजरेच्या बरोबर मध्ये आता डाग आला आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. ते भिंगातून एकेक अक्षर पकडायला बघत होते आणि ते निसटत होतं. मी सहज डोकावले. वळणदार, एकमेकांत अडकलेली अक्षरं, कुठला शब्द कुठे संपला ते कळू नये अशी. कॉलेजात असताना मी हौसेने मोडी शिकले होते, आणि मोडीने एकदा डोळा तयार झाला की असल्या अक्षरांची भीती जाते. एखादं अक्षर लागलं नाही तर सोडून पुढे जायचं, तेच पुढे कुठल्या ओळखीच्या शब्दात येतं ते बघायचं आणि मग मागे यायचं. मी दोनेक ओळी वाचून दाखवल्या. सेन्सेईंनी भिंग खाली ठेवलं.

"तुम्हाला शनिवारी वेळ असतो का?" त्यांनी विचारलं.

"असतो," मी म्हणाले. नव्हता, पण म्हणाले.

त्यांचा तो पूर्वज कुणी सर किंवा लॉर्ड नव्हता. आपल्याकडे गावचा इनामदार म्हणावा तसा. इंग्लंडच्या पश्चिमेला एका खेड्यात दगडी घर, एक पाणचक्की, थोडी शेतं, चर्चमध्ये बसायचा हक्काचा बाक, आणि ढालीवर घराण्याचं चिन्ह लावायची परवानगी. त्या काळी राजाकडचे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यातून फिरत आणि असं चिन्ह लावणाऱ्या घराण्यांकडून पिढ्या वदवून घेऊन लिहून ठेवत. सेन्सेई लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना त्या चर्चमध्ये नेऊन एक दगडी पुतळा दाखवला होता, हात जोडून आडवा झोपलेला, नाक तुटलेला. "आपण याचे," असं वडील म्हणाले होते. डोळे पुरते जायच्या आत ते "याचे" म्हणजे नक्की कसे, हे सेन्सेईंना एकेका पिढीने सिद्ध झालेलं हवं होतं.

"माझ्या पुढे कुणी नाही," ते म्हणाले, "म्हणून निदान मागचं तरी नीट लावून ठेवतो."

सेन्सेईंपासून मागे जाणं फारसं अवघड नव्हतं. जन्मलेल्या मुलाचा बाप्तिस्मा, मोठं झाल्यावर लग्न, शेवटी दफन, यांच्या नोंदी त्या त्या गावच्या चर्चमध्ये होत असत आणि त्यांच्या प्रती आता घरबसल्या मिळतात. पणजोबा, खापरपणजोबा असं करत मी झपाझप मागे गेले. मला त्यात भलताच रस वाटायला लागला. ऑफिसच्या कामात चूक सापडली की कुणीतरी नाराज होतं. इथे नाव सापडलं की सेन्सेई लहान मुलासारखे टाळ्या वाजवत.

अडलं ते पूर्वजाच्या अगदी उंबऱ्यात. त्याच्यानंतर त्या घरात जो माणूस राहायला आला त्याचं आडनाव तेच होतं, पण गावच्या चर्चमध्ये त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद काही सापडेना. मोठा होऊनच दारात उभा राहिल्यासारखा तो कागदावर उगवत होता. मग पूर्वजाचं मृत्युपत्र हाती आलं. घर, पाणचक्की आणि जमीन माझ्या बहिणीच्या मुलाला द्यावी, असं त्याने लिहिलं होतं. मात्र त्याने आणि त्याच्या वंशाने यापुढे माझं आडनाव लावावं.

ते वाचून मला केवढा आनंद झाला. दत्तक घेतला की, मी मनात म्हटलं. सेन्सेईंना मी एवढंच सांगितलं की वारस सापडला, मृत्युपत्राने पक्का झाला. आणि चार्टमध्ये पूर्वजाच्या नावाखाली सरळ उभी रेघ ओढून मुलगा म्हणून त्याचं नाव घातलं. शेजारी टीप नाही, कंस नाही.

कंसाशी माझं वैर होतं. त्याच सुमारास माझ्या सासरच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत होती. परदेशातल्या मंडळींचीही माहिती मागवली होती, आणि छपाईआधीची पानं पुण्याहून आली तेव्हा माझ्या मुलीच्या नावापुढे कंसात "दत्तक" असं होतं. माझं डोकंच फिरलं. मी सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते मुळात गरीब स्वभावाचे.

"अगं, ही पहिल्यापासूनची पद्धत आहे," ते म्हणाले. "माझे पणजोबासुद्धा दत्तक आलेले. त्यांच्या नावापुढे कंस आहे, आणि ज्या घरातून ते आले त्या घराच्या कुलवृत्तांतातही दत्तक गेले अशी नोंद आहे. दोन्हीकडे असते. त्यात कमीपणा कसला?"

"तुमच्या पणजोबांना कुणी चिडवणार नाहीये, बाबा," मी म्हणाले. "तिला तुम्ही नात म्हणता ना? मग नुसतं नाव राहू द्या."

मी इतकी भांडले की शेवटी कंस गेला. मुलगी तेव्हा जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत होती. तिच्यासाठीच लढले अशा थाटात मी तिच्याकडे बघून हसले. तिने मान हलवली आणि परत पुस्तकात घातली. तिला काय हवं आहे, हे मी तिला विचारलं नाही. मी जिंकले होते ना, मग कशाला विचारते.

सेन्सेईंचा चार्ट माझ्या मुलीने कंप्युटरवर काढला. चित्रकला तिला आवडते; तिने वर ढाल काढली, त्यावरचं चिन्ह रंगवलं, प्रत्येक नावाभोवती नाजूक चौकट घातली. सेन्सेई तो कागद डोळ्यांच्या कडेला धरून कितीतरी वेळ बघत होते. मग त्यांनी त्याची एक प्रत इंग्लंडमधल्या चुलतबहिणीला पाठवली. ती त्या चर्चच्या जवळपासच राहते.

तिचं उत्तर आलं त्यानंतरच्या शनिवारी आम्ही गेलो, तर सेन्सेई जरा अवघडलेले दिसले. इंग्रज माणूस अवघडला की हवापाण्याबद्दल बोलतो. ते बोलून झाल्यावर मुद्द्यावर आले.

"माझी चुलतबहीण विचारते आहे, की हा मुलगा कुठून आला? पुतळ्याखालच्या दगडावर स्पष्ट कोरलंय म्हणे, की त्याला मूल नव्हतं."

"बहिणीचा मुलगा होता," मी म्हणाले. "मृत्युपत्रात आहे. त्याला दत्तक घेतलं."

"पण आमच्याकडे त्या काळी दत्तक घेण्याचा कायदाच नव्हता," सेन्सेई म्हणाले. "नाव बदललं, इस्टेट मिळाली. आईबाप तेच राहिले."

इथे मी चूक मान्य करून मोकळं व्हायला हवं होतं. ऑफिसात दुसऱ्याकडून मी हेच करून घेते. पण माझ्या अंगात काहीतरी संचारलं.

"आमच्याकडे एकदा दत्तक गेला की तो त्या घरचा मुलगा," मी म्हणाले. "मागचं कुणी काढत नाही."

हे धादांत खोटं होतं. सासऱ्यांनी मला नुकतंच सांगितलं होतं की आमच्याकडे दोन्हीकडे नोंद करतात. मागचं न काढण्याचा नियम आमच्या घराण्याचा नव्हता, माझा एकटीचा होता.

मुलगी टेबलाच्या त्या बाजूला बसून पुस्तक वाचत होती. तिने मान वर केली आणि जपानीत विचारलं, "मग त्याची आई? ती कुठे गेली?"

"ती या चार्टात येत नाही," मी म्हणाले. "हा चार्ट पूर्वजाचा आहे."

"पण सेन्सेई तिच्यापासून आलेत ना? पूर्वजाला तर मूलच नव्हतं."

सेन्सेई खो खो हसायला लागले. आपण त्या नाक तुटलेल्या माणसाचे नव्हेत, त्याच्या बहिणीचे आहोत, हे त्यांना एकदम पटलं आणि आवडलंसुद्धा. लहानपणापासून चुकीच्या माणसापुढे टोपी काढली, असं ते म्हणाले. मी पण हसले. माझी मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

घरी येऊन मी त्या बहिणीला शोधायला बसले. एवढी चूक निस्तरायची, मग झालं, असं स्वतःला सांगत होते. राजाच्या अधिकाऱ्यांनी लिहून नेलेल्या वंशावळीत ती पहिल्यापासून होती. मी ते पान आधी वाचलंही होतं. भावाच्या नावाशेजारी एका आडव्या रेघेच्या टोकाला तिचं नाव आणि अमक्याशी लग्न झालं एवढंच. त्या नावावरून माझी नजर सरळ पुढे गेली होती. आता तिच्या नवऱ्याच्या गावच्या नोंदी उघडल्या. लग्न सापडलं. मुलाचा बाप्तिस्मा सापडला, त्याच्या मूळ आडनावाने. आणि मग तिचं दफन सापडलं, मुलगा मामाच्या घरी राहायला गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

म्हणजे ती तिथेच होती. शेजारच्या गावात, कदाचित चर्चचा घंटानाद ऐकू येईल इतक्या अंतरावर, ती म्हातारी होईपर्यंत जगली होती. तिच्या मुलाला मुलं झाली तेव्हाही ती होती. मी मात्र काहीही न वाचता ती मेली असं धरून चालले होते. दत्तक म्हटलं की जन्म देणारी बाई मेलेली असते, निदान गोष्टीतून निघून गेलेली असते, हे माझ्या डोक्यात कुणी भरवलं होतं? कुणीच नाही. तसं असावं असं मला वाटत होतं. एक मुलगा सुटसुटीत व्हावा म्हणून मी त्याची जिवंत आई पुसून टाकली होती, आणि ते करताना माझा हात जराही अडखळला नव्हता.

मुलगी बाजूच्या खोलीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी कंप्युटरसमोर बसून होते आणि मला स्वतःची किळस आली, दुसरा शब्द नाही. एका परक्या माणसाच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या आईसाठी मी जुन्या नोंदींतले लॅटिन शब्द उलगडत बसले होते. माझ्या मुलीच्या आईसाठी मी संस्थेला साधा फोनही कधी केला नव्हता. पुण्याला जायचो तेव्हा त्या रस्त्याने जाणंही मी टाळत असे, आणि रिक्षावाल्याला लांबच्या वळणाने घ्यायला सांगत असे.

पुढच्या शनिवारी नवा चार्ट घेऊन गेलो. मुलीने तो दुरुस्त करून दिला होता. बहिणीभोवती तिने तीच नाजूक चौकट घातली होती, आणि सेन्सेईंपासून निघालेली रेघ आता तिच्यापाशी जाऊन थांबत होती. ओकुसाननी थंडगार जवाचा चहा आणून ठेवला आणि हे काय चाललंय ते विचारलं. सेन्सेईंनी सगळं समजावून सांगितलं. ओकुसानना त्यात एवढं काय आहे ते कळेना.

"माझे वडीलसुद्धा आईच्या घरी दत्तक जावई म्हणून आले," त्या म्हणाल्या. इथे ते चालत आलेलं आहे. घरात मुलगा नसला की जावयालाच मुलगा करून घेतात आणि तो बायकोच्या घरचं आडनाव लावतो. "पितरांच्या दिवसांत आम्ही दोन्हीकडच्या थडग्यांवर जातो. दिवस जास्त मोडतो, एवढंच."

हे म्हणून त्या उठल्या आणि पेअर सोलायला माझ्या मुलीला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मी सेन्सेईंची माफी मागितली. तुम्हाला चुकीची वंशावळ दिली, तुमच्या चुलतबहिणीपुढे तोंडघशी पाडलं, वगैरे. ते हात हलवून नको नको म्हणाले.

"उलट त्यामुळे मला ती बाई मिळाली. आणि खरं तर श्रेय तुमच्या मुलीचं. या विषयात तिचं डोकं चांगलं चालतं. तिने मला फार मार्मिक प्रश्न विचारला होता."

"त्याची आई कुठे गेली, तो ना?"

"नाही, त्याच्या खूप आधी. तुम्ही हे काम हातात घेतलंत त्याच सुमारास. सुरुवात करायला एकही नाव हाताशी नसेल तर शोध कुठून सुरू करायचा, असं विचारत होती. मी म्हटलं, घरातल्या मोठ्या माणसांपासून. आधी जिवंत माणसांना विचारायचं, कागद नंतर. तो या कामाचा पहिला नियम आहे." माझा चेहरा त्यांना नीट दिसत नसणार, पण मी पेला खाली ठेवल्याचा आवाज त्यांनी ऐकला. "मला वाटलं, तिने तुम्हाला विचारलं असेल."

"नाही," मी म्हणाले.

"मग मी बोलायला नको होतं."

मी चहाचे पेले एकात एक घालायला लागले. स्वयंपाकघरातून माझ्या मुलीचा आवाज येत होता, मोकळा, भरभर जपानी बोलणारा. आमच्या घरात तिचा असा आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

परत निघालो तेव्हा बसला वेळ होता. तिला भूक लागली होती म्हणून स्टॉपसमोरच्या दुकानातून तिने भाताचा मुटका घेतला, इथे ओनिगिरी म्हणतात तो, आणि आम्ही बाकावर बसलो. ती त्यावरचा कागद सोडवत होती. मी बराच वेळ शब्द जुळवत होते, पण तोंडातून निघालं ते अगदीच ओबडधोबड.

"सेन्सेईंना विचारलंस. मला का नाही विचारलंस?"

मी कशाबद्दल बोलतेय ते तिला लगेच कळलं. ती जपानीत उत्तर देईल असं मला वाटलं होतं. ती मराठीत बोलली, सावकाश, एकेक शब्द शोधून.

"तू घाबरतेस."

"मी?"

"मी दुसरीत होते तेव्हा विचारलं होतं. मला कुणी जन्म दिला. तू म्हणालीस, आम्हाला काही माहीत नाही, पण ती चांगलीच असणार. मग खूप दिवस तू माझ्याशी फार चांगली वागत होतीस. ओरडली नाहीस. रोज मला आवडतं ते केलंस. मला वाटलं तू आजारी आहेस." तिने मुटक्याचा एक घास खाल्ला आणि तो गिळून झाल्यावर पुढे म्हणाली, "मग मी ठरवलं, हे विचारायचं नाही."

तो प्रश्न मी विसरूनच गेले होते. एवढीशी होती ती तेव्हा. दप्तर तिच्या पाठीपेक्षा मोठं दिसायचं. आणि त्या वयात तिने माझी काळजी घ्यायला सुरुवात केली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ती प्रश्न विचारत नाही म्हणजे तिला काही खुपत नाही, असं मी सोयीने समजून चालले होते. लोकांना सांगतही होते, की ती किती समाधानी आहे.

आणि मी तिला जे उत्तर दिलं होतं तेही तितकंसं खरं नव्हतं. माझी मुलगी डावखुरी आहे. आमच्या दोन्ही घरांत कुणीच डावखुरं नाही, आणि हिने हे कुणाचं उचललं कोण जाणे, असं पुण्याला कुणी म्हटलं की मीही हसून साजरं करत असे. मला ठाऊक होतं कुणाचं ते. मुलगी आमच्या हातात देताना संस्थेतल्या बाई बोलता बोलता सांगून गेल्या होत्या, की सही करायला पेन दिलं तर तिच्या आईने ते डाव्या हातात घेतलं. तिच्याबद्दल मला मिळालेलं ते एकच वाक्य. ते माझं नव्हतं, या मुलीचं होतं, आणि ते मी स्वतःपाशी दाबून ठेवलं होतं, ती पहिल्यांदा खडू धरत होती तेव्हा, शाळेत कॅलिग्राफीच्या तासाला उजव्या हातात ब्रश धरावा लागतो म्हणून ती रडत घरी आली होती तेव्हासुद्धा.

आता तरी सांगावं, म्हणजे काहीतरी भरून निघेल, असं मला वाटलं. खरं म्हणजे मला मोकळं व्हायचं होतं.

"ती डावखुरी होती," मी म्हणाले. "जिने तुला जन्म दिला ती. तुझ्यासारखी."

तिचा घास तोंडाशी जाता जाता थांबला. ती हाताकडे बघेल असं मला वाटलं, पण ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुला हे माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू आलीस त्या दिवसापासून."

बस आली. तिने उरलेला मुटका कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला, माझ्या पुढे चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या सीटवर जाऊन बसली. शेजारी जागा नव्हती. म्हणूनच तिने ती निवडली असणार. मी मागे बसले. पूल आला, नदी गेली, उतरणारे उतरले, आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तिला रडू येतंय का, ते तिच्या पाठीवरून मला सांगता येईना.

ग्योतोकुला उतरल्यावर ती सरळ घरी निघून जाईल असं वाटलं होतं. पण ती स्टॉपच्या खांबाशी थांबून राहिली होती. मी जवळ गेले. डोळे कोरडे होते तिचे.

"अजून काय माहीत आहे?" तिने विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले. "खरंच एवढंच."

ते खरं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, आणि समोरच्याच्या उत्तरावर भरवसा नसला की माणूस कसा बघतो हे मला चांगलं ठाऊक आहे. कामावर मी रोज तशीच बघते. तिचा विश्वास बसला नाही. तिच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.